मी लिहून दिलं ते

१ जानेवारी १९९६

शेठने लूमच्या खात्यातल्या, म्हणजे कारखान्यातल्या, आम्हा सगळ्या मेहताजी कारकुनांना डायऱ्या दिल्या. दर वर्षी देतात. आजवरच्या डायऱ्यांत बायको, लीला, किराणा लिहीत आली. या वर्षीची मी ठेवून घेतली. पहिल्या पानावर नाव लिहिलं: शालिग्राम, लिंबायत, सुरत. घरात पहिलं नातवंड येणार आहे, तारखा लिहिलेल्या बऱ्या.

मुलीला, सोनालीला, गेल्या आठवड्यात चोपड्याहून आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिच्या सासूबाई मालतीबाई म्हणत होत्या की चोपड्यालाही आता चांगले दवाखाने झालेत. मी म्हणालो, सुरत मोठं शहर आहे, तिथे अडचण यायची नाही. जावई योगेंद्रराव बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. ते मध्ये बोलले नाहीत. स्वभावाने शांत आहेत.

नर्सिंग होम शेठच्या ओळखीचं आहे. डॉक्टर तरुण आहेत, मला काका म्हणतात, हात जोडतात.

१२ जानेवारी

सोनालीला तपासून आणलं. डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले. लीलाने विचारलं, मध्ये संक्रांत आली, तुम्ही गावाला तर जाणार नाही ना. इथे संक्रांतीला उत्तरायण म्हणतात आणि दोन दिवस सगळं शहर पतंगावर असतं. डॉक्टर हसले. म्हणाले, "हुं क्यां जवानो, मासी? उपर धाबा पर ज छुं." मी कुठे जाणार, वर गच्चीवरच आहे. ते नर्सिंग होमच्या वरच राहतात. लीलाला बरं वाटलं.

खात्यात अर्धे कारीगर मांज्याच्या गप्पांत आहेत. कापडाच्या ताक्यांत खोट फार निघते आहे.

१५ जानेवारी

काल लिहिणं झालं नाही. मुलगा झाला.

काल सकाळीच कळा सुरू झाल्या. रिक्षा लवकर मिळेना. मिळाली त्या रिक्षावाल्याने मांजा कापू नये म्हणून गळ्याला टॉवेल गुंडाळला होता. डॉक्टरांनी खाली येऊन तपासलं. पहिली वेळ आहे, वेळ लागेल, असं सांगून वर गेले. वर त्यांचे बरेच पाहुणे होते. टेप मोठ्याने चालू होता आणि कुणाचा पतंग कापला की सगळे एकदम ओरडत.

खाली तारा नावाची आया होती. आपल्या शिरपूरकडची आहे. लीला सोनालीजवळ आत होती, मी बाहेर बाकावर. दुपारी लीला बाहेर येऊन म्हणाली की पाणी गेलं, जरा हिरवट दिसलं. ताराला विचारलं तर ती म्हणाली, साहेबांना सांगते. वर जाऊन आली आणि म्हणाली, साहेबांनी सलाईनच्या बाटलीत इंजेक्शन सोडायला सांगितलंय, म्हणजे लवकर होईल. त्यानंतर सोनाली सारखी ओरडत होती. आधी कळ जाई तेव्हा थांबायची, मग थांबेनाच. वरचं एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत तिचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा.

डॉक्टरांच्या मिसेसने आमच्यासाठी ताटलीत उंधियो आणि जिलेबी पाठवली. सणाच्या दिवशी खालच्या माणसांची आठवण ठेवली. चांगली माणसं आहेत. मी थोडं खाल्लं, लीलाने खाल्लं नाही.

तारा मधून मधून वर जात होती. एकदा येताना स्वतःशीच म्हणाली की ठोके हळू लागताहेत. डॉक्टरांचा निरोप, येतो. संध्याकाळ होत आली, लोक पतंगाच्या दोऱ्याला कंदील बांधायला लागले, तेव्हा ते खाली आले. मांज्यासाठी बोटांना पट्ट्या लावलेल्या होत्या. चालता चालता दातांनी सोडवत ते आत गेले. लीलाला बाहेर काढलं. ती म्हणाली, दार लागताना तारा स्टुलावर चढून सोनालीचं पोट दोन्ही हातांनी दाबत होती.

मग सोनालीचा आवाज थांबला. बाळाचा येईल म्हणून आम्ही उभे राहिलो. आला नाही. तारा धावत बाहेर आली आणि पलीकडच्या खोलीतून ऑक्सिजनच्या गॅसचा बाटला ओढत आणला. त्याचं चाक उंबऱ्यात अडकलं, मी हात लावला. वर कॅसेटची एक बाजू संपली. कुणीतरी ती उलटली, पुन्हा गाणी लागली. त्यातलं एक अख्खं गाणं झालं असेल, मग आतून बारीक आवाज आला. मांजराचं पिल्लू कपाटात कोंडल्यासारखा. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. म्हणाले, "बाबो आव्यो, काका. लगेच रडला. तोंड गोड करा."

आमच्यात बाळाला पहिला मध ज्याने चाटवला त्याचा गुण त्याला लागतो असं मानतात. लीलाने आधीपासून माझं नाव ठरवलं होतं. घरात मीच मॅट्रिक झालेला, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. ताराने बाळ फडक्यात गुंडाळून दाराशी आणलं आणि म्हणाली, लवकर करा. मी करंगळी धुतली होती. बाळ एका हातावर घेतलं आणि मधाचा थेंब ओठावर लावला. बाळाने ओठ हलवला नाही. थेंब तसाच राहिला, मग हनुवटीकडे ओघळायला लागला, तो मी रुमालाने टिपला. डोकं वर लांबट झालेलं होतं, मागे टेंगूळ. तारा म्हणाली, वाटी लावून ओढला की असं होतं, चार दिवसांत बसतं. रंग काळसर वाटला. मी पण सावळाच आहे.

आज सकाळी बाळ पाहायला शेजारचे आले. बाळ रडतच नाही. तारा म्हणाली, "आजानाच गुण लागना पोऱ्याले. आवाजच नही." सगळे हसले. मीही हसलो.

१७ जानेवारी

काल बाळाने अंगावरचं दूध घेतलं नाही. दुपारपासून ओठ चावल्यासारखे करत होता आणि पाय सायकल मारावी तसे हलवत होता. लीला म्हणाली, सटवाई खेळवतेय, हात लावू नका. आम्ही पाहत बसलो. मग अंग ताठ झालं आणि निळा पडला. तेव्हा डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी बाळ पाहिलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, घरचं काही दिलं का? मी म्हणालो, मध दिला. त्यांनी कपाळाला हात लावला. "बस. एज थयुं." तेच झालं. मध श्वासनळीत गेला, मेंदूला हवा कमी पडली, असं त्यांनी समजावून सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, काका, तुमचा हेतू चांगला होता, पण तुम्ही शिकलेला माणूस.

बाळाला स्टेशनकडच्या मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं आहे. सोनालीला अजून नर्सिंग होममधून सोडलं नाही. मधाचं कारण तिला लीलाने सांगितलं. मी खोलीत गेलो नाही.

२० जानेवारी

मुलांचे डॉक्टर वयस्कर आहेत. त्यांनी विचारलं, जन्मल्यावर रडला कधी? मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले लगेच रडला. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हणालो, डॉक्टरांनी तसं सांगितलं. मग मीच मधाचं सांगितलं. त्यांना माहीत असायला हवं. ते हाताने उडवून लावत म्हणाले, मधाने असं होत नाही. भला माणूस आहे. माझ्या मनाला लागू नये म्हणून म्हणाला.

योगेंद्रराव चोपड्याहून आले आहेत. पेटीच्या काचेजवळ उभे असतात. कारण कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणू का विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. म्हणाले, फाइलमध्ये एक कागद लागेल, उद्या कुणी पोलीसबिलीस विचारलं तर तुम्हालाच त्रास नको. काय झालं ते तुमच्या हाताने लिहून द्या. मी लिहिलं, त्यांच्या सांगण्यावरून गुजरातीत. बाळाला मी माझ्या हाताने मध दिला, डॉक्टरांना विचारलं नाही, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. खाली सही केली. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं.

आमच्या खात्यात ताक्यात खोट निघाली की ज्याच्या पाळीत निघाली त्याचं नाव लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. सही झाली की विषय संपतो. इतकी वर्षं मी लोकांच्या सह्या घेत आलो. आपली वेळ आली तेव्हा मागे सरणं बरं नव्हे. बाहेर पडल्यावर जरा हलकं वाटलं. घरी सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

बाळाला घरी आणलं आहे. चोखता येत नाही, वाटी-चमच्याने पाजावं लागतं. एक घोट खाली उतरायलाही फार वेळ घेतो. मुठी उघडत नाहीत.

आज मालतीबाई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, मूठ उघडून पाहिली, हाक मारली. त्याची नजर वळली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "याहीसना गुण लागना म्हनतस ना? मंग आते याहीसनीच संभाळा. मी मन्ही सून लई जास."

म्हणजे बाळ इथे ठेवायचं आणि सोनालीला घेऊन जायचं. लीला रडायला लागली. सोनाली आतून बाळाला घ्यायला आली. सासूला म्हणाली की मी त्याला सोडून येणार नाही, आणि आवाज न चढवता पाजायला बसली. योगेंद्ररावांनी आईला स्टँडवर पोचवलं आणि स्वतः परत आले. आता ते इथेच कापड मार्केटमध्ये साड्यांच्या पॅकिंगला लागणार म्हणतात.

मालतीबाई चुकीचं काही बोलल्या नाहीत.

१९ मार्च

बाळाचं बारसं राहिलं आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि चोपड्याहून कुणी येत नाही. आम्ही बाळच म्हणतो.

आज सोनाली त्याला तेल लावत होती, घरात दोघंच होतो. ती म्हणाली, "अप्पा, त्या दिवशी आत ना…" मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, जाऊ दे, आता आठवून त्रास करून घेऊ नकोस, दोष माझा आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पुन्हा तेल लावायला लागली. तिचं दुःख वाढू नये एवढंच मला वाटतं.

२ मे

उन्हाळा कडक आहे. बाळाला रात्री खोकला होतो. दूध कधी कधी नाकातून येतं. मी कामावरून आलो की त्याला उभा धरून बसतो, तसा धरला की त्याला बरं वाटतं. जवळ घेतलं की आता तो ओळखतो असं लीलाचं म्हणणं. मला खात्री नाही. पण माझ्या खांद्यावर तो झोपतो.

९ जून

बाळ सकाळी गेलं. छातीत दूध उतरलं होतं. सोनालीच्या मांडीवर होतं.

१२ जून

लहान मुलाला अग्नी देत नाहीत. तापीकाठी पुरलं. योगेंद्ररावांनी त्याला घरापासून हातांवर नेलं. वाटेत कुणालाही दिलं नाही, मीही मागितलं नाही. वर दगड ठेवले. येताना योगेंद्ररावांना रस्ता ओलांडायचं सुचेना, त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच धरला असेन.

खात्यात गेलो. लूम चालू असले की काही ऐकू येत नाही, ते बरं आहे.

२१ जुलै

योगेंद्ररावांनी एक वकील गाठले आहेत. हल्ली डॉक्टरांवरही ग्राहक म्हणून दावा लावता येतो असं ते वकील म्हणाले. दावा सोनालीच्या नावाने लावणार. सोनालीने त्यांना सगळं सांगितलं आहे, ती दोन दिवस त्यांच्याकडे जात होती. योगेंद्रराव मला म्हणाले, "तुम्ही दिवसभर तिथे होता. तुमची साक्ष लागेल."

मी हो म्हणालो. कागद लिहून दिल्याचं तेव्हाच सांगायला हवं होतं. दावा कशासाठी तेच मला नीट कळत नाही. मध मी दिला हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी दुःखात आहे, तिला कुणावर तरी राग काढायचा असेल असं वाटतं. काढू दे. पण ज्याने उंधियो पाठवला त्याच्यावर खोटा आळ येऊ नये असंही वाटतं. दोन्ही एका वेळी कसं होणार?

१० ऑक्टोबर

दाव्याला नर्सिंग होमच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स. वकिलांनी योगेंद्ररावांना दाखवली आणि विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. ते झेरॉक्स घरी घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सोनालीने वाचलं. तिने म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिक्षण घेतलं, तरी तिला गुजराती वाचता येतं.

"अप्पा, हे तुमचं अक्षर?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही."

ती कागदाची घडी घालत बसली. बारीक बारीक घडी. मग म्हणाली, "लिहायच्या आधी मला विचारायचं होतं. बाळंत मी झाले होते."

मी सांगायचा प्रयत्न केला की मी खोटं काही लिहिलं नाही. ती म्हणाली, हो, तुम्ही खोटं कधीच लिहीत नाही, आणि उठून गेली.

२७ ऑक्टोबर

सोनाली आणि योगेंद्ररावांनी सुरतेतच गोडादऱ्याला वेगळी खोली घेतली. लीला भांडी द्यायला गेली होती. सोनाली तिच्याशी बोलते. माझं नाव काढत नाही. दिवाळी जवळ आली आहे, घरात काही केलेलं नाही.

२० नोव्हेंबर

आज लोटूशी वाद झाला. लोटू आमच्या खात्यातला जुना कारीगर, तोंडाने फटकळ. त्याच्या ताक्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक उभी रेघ निघाली. मी नाव लिहिलं आणि सहीला वही पुढे केली. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, "तुम्हले सही लेवानी भलती घाई ऱ्हास, मेहताजी. बीम कसा उना ते पहिले देखा."

बाकीचे लूम बंद करून बघायला लागले. मी म्हणालो, पाळी तुझी होती. तो म्हणाला, पाळी माझी म्हणून खोट माझी? मला राग आला, पण मी बीमजवळ, उभे धागे गुंडाळलेल्या रुळाजवळ, गेलो. चष्मा लावून पाहिलं. एक धागा कमी होता. बीम भरतानाच कमी राहिलेला. लोटूच्या हातात येण्याआधीच ती रेघ ठरलेली होती.

मी त्याचं नाव खोडलं. तो बाकीच्यांकडे बघून तोंड वाकडं करून हसला. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. आजवर बीम न बघता किती सह्या घेतल्या असतील. लोटूसारखं तोंड सगळ्यांना नसतं.

३ डिसेंबर

रजा काढून मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. लीलाला सांगितलं नाही. त्यांना बाळ आठवत होतं. ते गेल्याचं मी सांगितलं.

मी विचारलं, मधाने काय काय होतं ते मला स्पष्ट सांगा, मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. ते म्हणाले, तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, रडला कधी? मी नेहमीचं सांगायला लागलो, की डॉक्टर म्हणाले लगेच. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, डॉक्टरांचं राहू द्या. तुम्ही बाहेर होता, तुमच्या कानांनी काय ऐकलं?

मग मी आठवून सांगितलं. आवाज आला नाही, गॅसचा बाटला आणला, चाक अडकलं, कॅसेट उलटली, एक गाणं झालं. ते ऐकत होते. मग म्हणाले, मध किती गिळला? मी म्हणालो, गिळला नाही. ओठावरच राहिला, मी रुमालाने टिपला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो काका, तमे आप्युं शुं?" मग काका, तुम्ही दिलं काय?

ते अजून बरंच बोलले. ज्या बाळाला ओठ हलवता येत नाही त्याचं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं, असं काहीसं. मी बसने परत आलो आणि लिंबायतला उतरायचं विसरलो.

२८ डिसेंबर

योगेंद्ररावांना मार्केटमध्ये जाऊन भेटलो. साक्ष देईन म्हणून सांगितलं. ते म्हणाले, वकील म्हणतात की तुम्हाला उभं करणं धोक्याचं आहे, ते तुमचा कागद वाचून दाखवणार आणि तुम्ही हो म्हणणार. मी म्हणालो, हो तर म्हणावंच लागेल, लिहिला मीच आहे. पण पुढचंही सांगेन. ते गाठोड्याची सुतळी आवळत होते. आवळून झाल्यावर म्हणाले, बरं, बोलतो त्यांच्याशी.

रात्री झोप येत नाही. मधाने नाही असं डॉक्टर म्हणतात, ते मला समजतं. तरी बोट पाहिलं की वाटतं. हे जाईल की नाही माहीत नाही.

२१ फेब्रुवारी १९९७

या वर्षी नवी डायरी घेतली नाही. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

आज ग्राहक कोर्टात तारीख होती. सोनाली आणि योगेंद्रराव पुढे बसले होते, नर्सिंग होमचे डॉक्टर दुसऱ्या बाजूला. मला पाहून त्यांनी सवयीने हात जोडले. मीही जोडले.

त्यांच्या वकिलांनी कागद दाखवला. अक्षर तुमचं? हो. मध तुम्ही दिला? हो. कुणी दबाव आणला? नाही. उलट चहा दिला होता, असं मी सांगितलं. वकील हसून खाली बसले. मी सोनालीकडे पाहिलं नाही.

आमच्या वकिलांनी विचारलं, बाळाने मध गिळला का. मी सांगितलं, नाही, ओठावरून टिपला. त्यांच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली, हे नंतर शिकवलेलं आहे. तेव्हा समोर बसलेल्या साहेबांनी मला विचारलं, "मग हे त्या कागदात का लिहिलं नाही?"

मी म्हणालो, "साहेब, मी काय केलं तेवढंच लिहायला सांगितलं होतं. ते लिहिलं. त्यांनी काय केलं ते मला कुणी विचारलं नव्हतं."

ते म्हणाले, आता विचारतो, सांगा.

मी पाळीचा रिपोर्ट सांगतो तसं क्रमाने सांगितलं. सकाळपासून. हिरवट पाणी, आयाचं वर जाणं-येणं, निरोपावर दिलेलं इंजेक्शन, बोटांच्या पट्ट्या, बाटला, गाणं. उंधियोचंही सांगितलं, कारण तोही आला होता. डॉक्टर खाली बघत होते. तरुण माणूस आहे, केस मात्र बरेच पांढरे झाले आहेत.

मग साहेबांनी विचारलं, आत काय झालं? मी म्हणालो, मी बाकावर होतो. आतलं मला माहीत नाही.

निकाल पुढे लागेल. काय लागेल सांगता येत नाही असं वकील म्हणाले. कागद तर आहेच. बाहेर आल्यावर सोनाली रिक्षात बसली.

२३ फेब्रुवारी

ते वाक्य परवापासून डोक्यात आहे. आतलं मला माहीत नाही. वर्ष होऊन गेलं. वकिलांना माहीत आहे, योगेंद्ररावांना माहीत आहे. मला नाही. ती एकदा सांगायला लागली होती तर मीच गप्प केलं.

आज सुट्टी होती. गोडादऱ्याला गेलो. योगेंद्रराव बाहेर गेले होते. सोनालीने दार उघडलं, पाणी दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. काय काम आहे असंही विचारलं नाही. मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो.

म्हणालो, "त्या दिवशी आत काय झालं, मला सांग."

ती हात थांबवून पाहत राहिली. मला वाटलं, आता उशीर झाला म्हणेल. मग ती सांगायला लागली. पहिल्यांदा हळू, ताटाकडे बघत. नंतर माझ्याकडे बघून. मध्ये रडली, थांबली, पुन्हा तिथूनच सुरू केलं. मी एकदाही जाऊ दे म्हणालो नाही. तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही त्याला हातात घेतलं तेव्हा मी आत होते. मी त्याला दुसऱ्या दिवशी पाहिला. तुम्ही पाहिलात तेव्हा तो कसा होता?"

मी तिला सांगितलं.